'गौरीला आलीय' असं सांगितलं

२०२४ च्या गौरी-गणपतीत मी माहेरी आले ती परत गेले नाही. पहिले तीन दिवस गावात कुणाला पत्ता लागला नाही, कारण आईनं दारातच बजावलं होतं, "कुणी इचारलं तर गौरीला आलीय म्हणायचं. आन् हात पदराखाली ठेव." सणाला लेक आली तर कोण काय विचारणार? गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. मग शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "गौरी गेली की गं. तू कवा जाणार?"

माझं माहेर बेळगाव तालुक्यात, उचगावच्या बाजूला. सासर शिनोळीच्या पुढं, चंदगड तालुक्यात. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर बाची संपलं की कर्नाटक संपतं, शिनोळी लागली की महाराष्ट्र. दोन्ही घरांत बोलणं मराठी, दोन्हीकडं तांदळाची भाकरी, दोन्हीकडचा बाजार बेळगावचा. गाडीवरून पाऊण तास. लग्न ठरवताना मधल्या हद्दीचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. सीमाप्रश्न म्हणजे १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि दुकानांच्या पाट्या, एवढंच मला ठाऊक. तो माझ्या मनगटापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

नऊ वर्षांचं सगळं इथं लिहीत बसत नाही. त्या वेळचं कारण तीन हजार रुपयांचं होतं. लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते एकदम ऑगस्टच्या मध्यात जमा झाले. मी ते पोरीच्या शाळेसाठी ठेवले होते. पासबुक सासूकडं, मोबाईल नवऱ्याकडं, आणि मी काढलेले पैसे पिठाच्या डब्यात. डबा सापडला. पुढचं काय झालं ते मनगटावर होतं.

पहिल्या दिवशी दादानं मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "पडली." मी गप्प. केसपेपरवर तेच आलं. गोळ्या मिळाल्या, पट्टी मिळाली. दादाचा राग येतो का? येतो. खरं त्यालाही वाटलं होतं, आठ दिवसांत मिटेल. तो कागद पुढं कोर्टात समोरच्या वकिलानं दोन बोटांत धरून दाखवला, तेव्हा दादा मान खाली घालून बसला होता.

गौरी गेल्यावर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. इकडच्या ठाण्यात सांगितलं, मारहाण महाराष्ट्रात झाली, आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या दिवशी तिकडं गेलो. तिकडं विचारलं, "आता राहता कुठं?" म्हटलं, माहेरी. "मग तिकडंच द्या की." शिवाय सल्ला मिळाला, तो तर दोन्हीकडं सारखाच: नवरा-बायकोचं आहे, चार माणसं बसवून मिटवा. इकडं कन्नडात सांगितला, तिकडं मराठीत. एवढ्या बाबतीत दोन्ही राज्यांत काही वाद नव्हता.

नंतर वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा डोक्याला हात लावला. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याला घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडं पाठवता येते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. त्याच्याही आधी, २०१९ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की छळामुळं घर सोडून आलेली बाई जिथं आसऱ्याला आहे तिथंही छळाची केस चालू शकते. मी दोन ठाण्यांमध्ये हेलपाटे घालत होते तेव्हा नवा कायदा येऊन दोन महिने उलटले होते.

वाट सापडली ती अंगणवाडीच्या बाईंमुळं. दादाचा धाकटा तिथं जातो, त्याचं वजन नोंदवायला त्या घरी आल्या होत्या. मी चहा दिला. कप घेता घेता त्यांनी माझी बाही वर सारली. "कवाचं हे?" मी म्हटलं, "गौरीच्या आदल्या दिवशीचं." त्यांनी चहा घेतला नाही. आमच्या ओट्यावर बसूनच सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसला फोन लावला आणि कन्नडात बोलल्या. मला एवढंच कळलं की त्या कुणाला तरी 'अक्का' म्हणत होत्या आणि 'नाळे' म्हणजे उद्या.

मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आमच्या गावात आजही किती जणींना माहीत असेल देव जाणे, की कर्नाटकात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी म्हणजे हेच सीडीपीओ. पोषण आहाराचा तांदूळ आणि नवऱ्याच्या माराचा कागद, दोन्ही एकाच ऑफिसात. हा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी.

ऑफिसात सीडीपीओ मॅडमनी पहिल्यांदा काय विचारलं असेल तर "जेवलीस का?" मराठी त्यांना मोडकं येत होतं, मला कन्नड त्याहून मोडकं. त्यांनी एका सुपरवायझरबाईंना शेजारी बसवलं. मग तो फॉर्म निघाला, ज्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात. सगळे तिथं 'डीआयआर' म्हणत होते. छापील कन्नड. सुपरवायझरबाई एक ओळ वाचायच्या, मराठीत सांगायच्या, मी हो किंवा नाही म्हणायचं, त्या खूण करायच्या. कधी, कुठं, कुणी. मग प्रकार: शारीरिक, लैंगिक, बोलण्यातून आणि मनाला, आर्थिक.

पहिल्या प्रकाराला मी भराभर हो म्हटलं. दुसऱ्याला बराच वेळ काही बोलले नाही. सुपरवायझरबाईंनी पेन खाली ठेवलं, खिडकीकडं बघत बसल्या, आणि मी मान हलवल्यावर न बघताच खूण केली. तिसऱ्यात एक ओळ आली: मुलगा झाला नाही म्हणून अपमान. मी विचारलं, "हे पण धरतात?" "धरतात." चौथ्यात: कमाई काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, कामाला जाऊ न देणं. मी काजूच्या कारखान्यात नऊ वर्षांपैकी सहा वर्षं सोलाईला होते आणि पगार एकदाही स्वतः मोजला नव्हता. माझ्या दृष्टीनं तो संसार होता. इथं त्याला चौकट होती आणि चौकटीत खूण.

दोन तास गेले. शेवटी आणखी एक रकाना: तुम्हाला काय मदत हवी? समुपदेशक, पोलीस, दवाखाना, वकील, निवारा. मी सगळ्याला हो म्हणणार होते, मॅडमनी थांबवलं. "निवारा नको, आई आहे ना. तो जिला आई नाही तिला." मग समजावलं की हा अहवाल त्या स्वतः मॅजिस्ट्रेटकडं पाठवतील आणि एक प्रत ठाण्याला जाईल, कायद्यातच तसं लिहिलंय. म्हणजे ठाण्यात तीच कहाणी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायची नाही. तोवर मी ती आई, दादा, वैनी, दोन ठाणी, अंगणवाडीच्या बाई आणि या ऑफिसात मिळून सात वेळा सांगितली होती. दर वेळी थोडी आखूड होत गेली होती.

दवाखान्याची गोष्ट थांबून सांगते. मॅडमनी चिठ्ठी दिली आणि मी पुन्हा सरकारी दवाखान्यात गेले, या खेपेला अंगणवाडीच्या बाईंबरोबर. मार लागून आठवडा होत आला होता. लेडी डॉक्टर होत्या. माझे तळवे बघून थबकल्या. काजू सोलणाऱ्या बाईचे हात ज्यांनी बघितलेत त्यांना कळेल. टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटांची टोकं काळी पडून सालपटं निघतात, राख लावा नाहीतर एरंडेल. "हे सगळं मारानं?" मी म्हटलं, "न्हाई, हे काजूचं." माझ्या मनात आलं, संपलं, आता सगळंच काजूवर जाणार. नवऱ्यानं पुढं तेच सांगितलं, की कामावरच्या जखमा आहेत.

डॉक्टरबाईंनी दिवा ओढला. मनगट फिरवून बघितलं. एका बाजूला ओळीनं चार डाग, निळ्याचे पिवळट-हिरवे होत आलेले. दुसऱ्या बाजूला एक, जरा रुंद. त्यांनी स्वतःचा हात माझ्या मनगटाभोवती न टेकवता धरून बघितला. म्हणाल्या, "अंगठा इकडं, चार बोटं तिकडं. काजू असा धरत नाही कुणाला." मग लिहिलं: बोटांवरचं जुनं, कामाचं, वेगळं. मनगटावरचं वेगळं, मोजमापासकट. एमएलसी म्हणून नोंद झाली, मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाची. पहिल्या दिवशी 'पडली' लिहिलं तेव्हा ती नोंद झालीच नव्हती.

वकील फुकट मिळाला. इथं गावात लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे दारिद्र्यरेषेखाली असायला पाहिजे. तसं नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. १५१०० नंबरला फोन केला तरी वाट सांगतात. मला वकीलबाई मिळाल्या त्या मराठीच होत्या, बाहेर मराठीत समजावायच्या आणि अर्ज कन्नडात-इंग्रजीत. माझा जबाब लिहिताना त्यांना हसू आलं. मी म्हणत होते, "मी रात्री उठलो, पोरीला घेतलो, रस्त्याला आलो." आमच्याकडं बायका अशाच बोलतात. त्या म्हणाल्या, "पुण्याच्या कोर्टात विचारलं असतं, हा जबाब नवऱ्याचा की बायकोचा. बरं झालं, कन्नडात 'नानु बंदे' बाईही म्हणते आणि बाप्याही."

खरा फरक पडला तो एका दुपारी, सखी केंद्रात. केंद्र सरकारची २०१५ पासूनची योजना आहे ही. एका छताखाली पोलीस, दवाखाना, वकील, समुपदेशन आणि गरज पडली तर पाच दिवस राहायची सोय. मी राहायला गेले नव्हते. मॅडमनी तिथं सगळ्यांना बोलावलं होतं: समुपदेशक, वकीलबाई, ठाण्यातल्या एक महिला कॉन्स्टेबल. अंगणवाडीच्या बाई आपणहून आल्या. मॅडम स्वतः मीटिंगमध्ये अडकल्या म्हणून फोनवर, स्पीकर लावून. टेबलावर पाण्याची बाटली आणि माझ्या कागदांचे झेरॉक्स.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. कॉन्स्टेबल म्हणाल्या, दोघांना ठाण्यात बोलावू, साहेब दम देतील, मिटेल. समुपदेशक म्हणाल्या, पहिल्याच दिवशी ज्यानं मारलं त्याच्यासमोर हिला बसवणार नाही, उद्या ती 'माझीच चूक' म्हणून सही करून जाईल. वकीलबाई म्हणाल्या, आपसात काय व्हायचं ते कोर्टाचा हुकूम हातात आल्यावर. कॉन्स्टेबल जरा चिडल्या. "म्हणजे आम्ही काहीच करायचं नाही?" तेव्हा फोनवरून मॅडमचा आवाज आला, "रात्री दहानंतर हिनं फोन केला तर कोण उचलणार, ते सांगा आधी." खोली गप्प. कॉन्स्टेबल म्हणाल्या, "मी उचलते. माझी ड्युटी नसली तर त्या भागातल्या बीटवाल्या पोलिसाचा नंबर देते."

त्या दिवशी एक कागद तयार झाला. कायद्यात सुरक्षा आराखड्याचा नमुना आहे, तो भरला होताच, पण हा वेगळा, हातानं लिहिलेला. वर मराठीत, खाली कन्नडात: रात्री कुणाला फोन, दवाखान्यात कुणाला भेटायचं, शाळेत कोण बोलणार, नोटीस कोण नेणार. पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ पण होते. आमच्या भागात मोबाईलला कधी इकडचा टॉवर लागतो कधी तिकडचा. सासरहून एकदा ११२ लावला होता तर पलीकडून कन्नड आवाज आला आणि घाबरून मीच ठेवला. त्यामुळं नुसत्या नंबरावर माझा विश्वास नव्हता. नावासमोरच्या नंबरावर होता. आईनं तो कागद कालनिर्णयला टाचून ठेवला.

नोटिशीचा घोळ मोठा झाला. कायदा म्हणतो संरक्षण अधिकाऱ्यानं ती दोन दिवसांत बजावावी, आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी. माझी अकराव्या दिवशी पडली. नोटीस द्यायची महाराष्ट्रात, देणारं माणूस कर्नाटकातलं, आणि नवरा घरी असून "कोल्हापूरला गेलाय" म्हणून सासूनं दोनदा परत पाठवलं. मॅडमनी मग कोल्हापूर बाजूच्या संरक्षण अधिकारी बाईंना फोन केला. दोघींची ओळखपाळख काही नव्हती. एकीचं मोडकं मराठी, दुसरीचं मोडकं हिंदी. तिसऱ्या खेपेला तिकडचा एक पोलीस बरोबर गेला आणि नोटीस नवऱ्याच्या हातात पडली. अर्ज मात्र बेळगावलाच चालला, कारण बाई सध्या राहते तिथं, तात्पुरती राहत असली तरी, अर्ज करता येतो. कलम २७. हे एक कलम मला पाठ आहे.

अंतरिम हुकूम झाला. मारहाण करायची नाही, माहेरच्या घरी फिरकायचं नाही, पोरीसाठी आणि मला महिना चार हजार, आणि माझ्या वस्तू परत. सासऱ्यांच्या नावावर घर आहे म्हणून मला तिथं हक्क नाही असं त्यांच्या वकिलानं सांगून बघितलं. वकीलबाईंनी २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला, नातेवाइकांच्या मालकीचं घर असलं तरी नांदत्या बाईचा राहण्याचा हक्क त्यात धरलाय. तो वाद अजून चालू आहे. मला तिथं राहायचं नाहीये, खरं हक्क सोडायचा नाही असं त्या म्हणतात.

वस्तू आणायला गेलो ती सकाळ. यादी माझ्याच अक्षरात: तांब्याची कळशी, दोन पितळी डबे, शिलाई मशीन, पलंग, जोडव्या, पोरीची सायकल. सासू दारात उभी. तिकडच्या संरक्षण अधिकारी बाई, दोन पोलीस, दादा आणि टेम्पोवाला. कळशी मिळाली, मशीन मिळालं. पितळी डब्यातला एक तोच, पिठाचा. सासू म्हणाली, "ह्यो आमचा." बाईंनी यादी वाचली, माझ्याकडं बघितलं. डब्याच्या बुडाला माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं. उलटा केला. सासू बाजूला झाली. जोडव्या मिळाल्या नाहीत, यादीत त्यांच्यापुढं 'दिल्या नाहीत' असं लिहून सह्या झाल्या.

दिवाळीनंतर एका रात्री नवरा पिऊन माहेरच्या अंगणात आला. मी कालनिर्णयकडं गेले. कॉन्स्टेबल ड्युटीवर नव्हत्या, बीटवाल्यानं उचलला. पंचवीस मिनिटांत गाडी आली. हुकुमाची प्रत कोर्टाकडून ठाण्यात आधीच गेलेली. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी हद्द विचारली नाही. त्यांनी नुसतं नाव विचारलं आणि म्हणाले, "हां, सखी केंद्राची केस."

पोरीच्या शाळेचं लवकर मिटलं. दाखला तिकडची शाळा देईना, पालक म्हणून वडलांची सही मागत होते. इकडच्या मराठी शाळेतल्या गुरुजींना शिक्षण हक्क कायदा पाठ होता, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिसरीत बसवलं. तिनं घरी येऊन विचारलं, इथं कन्नड पण शिकवतात, ते पण शिकायचं का. म्हटलं, ते तर आधी शिक.

केस संपलेली नाही. तारखा पडतात. काजू सोडला, मशीनवर ब्लाऊज शिवते. चार हजार चार महिने वेळेवर आले, पाचव्याला वकीलबाईंना पुन्हा अर्ज करावा लागला. आणि आधार. आधारवर पत्ता अजून महाराष्ट्राचा, त्यामुळं तारखेला जाताना वैनीला कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं बसचं तिकीट, मला पूर्ण. पत्ता बदलायला गेले तर मशीन बोटंच घेईना. दहाच्या दहा बोटं लावली. तो पोरगा म्हणाला, "मावशी, ठसेच नाहीत तुमचे." महिन्यानं या म्हणाला. महिन्यानंही फक्त करंगळी उमटली. मग रांगेतल्या एका बाईनं त्याला विचारलं, डोळ्याचं मशीन आहे न्हवं? होतं. टेबलाखाली, डब्यात. पुसून बाहेर काढलं, मी डोळे ताणून बसले, आणि पावती निघाली.